खुब्यातलं इम्पिंजमेंट: दुर्बिणीचं ऑपरेशन करू की फिजिओवर भागेल?

टेकडीवाला (९ जून, रात्री ११.४०)

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय. वय ३६, पुणे, दिवसभर खुर्चीत बसायचं काम, सकाळी वेताळ टेकडीवर पळणं आणि रविवारी सिंहगड असं सात-आठ वर्षं मस्त चालू होतं. गेलं वर्षभर उजव्या जांघेत दुखतंय. आधी वाटलं स्नायू धरला असेल, तेल लावलं, पंधरा दिवस पळणं बंद केलं, परत सुरू केलं की परत तेच. डॉक्टरांनी विचारलं नक्की कुठे दुखतं, तर मी अंगठा मागे आणि चार बोटं पुढे करून कमरेखाली पंजा धरून दाखवला, लोणच्याची बरणी पकडतो ना तसा. ते हसले, म्हणाले खुब्याचे पेशंट असंच दाखवतात.

मोजे घालताना चमक निघते. रिक्षातून उतरताना, लांबलचक मीटिंगनंतर उठताना. बसच्या पायरीवर हल्ली डावाच पाय आधी टाकतो कारण उजवा उचलला की आत काहीतरी अडतंय असं वाटतं. मांडी घातली की उजवा गुडघा अधांतरी.

एमआरआयमध्ये आलंय कॅम टाइप इम्पिंजमेंट, अल्फा अँगल (हाडाचा फुगवटा किती ते मोजणारा कोन) ६६ अंश आणि लेब्रमला पुढच्या बाजूने टेअर. पहिले सर्जन म्हणाले दुर्बिणीतून ऑपरेशन करून टाकू, महिन्याभरात करा, नाहीतर पुढे खुबाच बदलायची वेळ येईल. खर्च तीन लाखांच्या आसपास सांगितलाय. दुसऱ्यांनी रिपोर्ट बघून सांगितलं घाई कसली, तीन महिने फिजिओ करा मग बोलू. बायको म्हणते दोघांपैकी एक खोटं बोलतोय. मला तर दोघंही चांगले वाटले. कुणी यातून गेलंय का?

खडीसाखर (१० जून, सकाळी ७.०५)

इम्पिंजमेंट म्हणजे नक्की काय ते आधी मराठीत सांगा कुणीतरी. आमच्याकडे खुबा दुखला की म्हातारपण आलं एवढंच म्हणतात.

प्लास्टरवाला (१० जून, दुपारी २.१५)

मी ऑर्थोपेडिक्सचाच आहे पण खुब्याची दुर्बीण माझ्या हातची नाही, तेव्हा हे सर्वसाधारण माहिती म्हणून वाचा.

खडीसाखर, खुबा म्हणजे वाटीत फिरणारा चेंडू. वाटीच्या काठाला रबरी वायसरसारखी कूर्चेची एक कड असते, तो लेब्रम. चेंडू जिथे मांडीच्या हाडाच्या मानेला जुळतो तिथे काही लोकांच्या हाडाला फुगवटा असतो, त्याला कॅम म्हणतात. वाटीचाच काठ जास्त पुढे आला असेल तर तो पिन्सर. पुष्कळांत दोन्ही थोडं थोडं असतं. गुडघा छातीकडे नेऊन पाय आत वळवला की हा फुगवटा काठावर आपटतो आणि मधल्या मधे लेब्रम चेपतो. हा विचार नीट मांडला तो स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या राइनहोल्ड गांझ यांच्या चमूने, त्यांचा गाजलेला पेपर २००३ चा. म्हणजे आमच्या शास्त्रातही हे तसं कालपरवाचंच आहे, जुन्या डॉक्टरांनी हे नाव न घेतल्याचं आश्चर्य नको.

टेकडीवाला, आता तुमचं. फुगवटा असणं हा आजार नाही. २०१६ मध्ये या विषयातल्या देशोदेशीच्या सर्जन आणि फिजिओंनी एकत्र बसून ठरवलंय (वॉरिक करार म्हणतात त्याला) की तक्रार, तपासणीतली खूण आणि फोटोतला फुगवटा ही तिन्ही असतील तरच इम्पिंजमेंट सिंड्रोम म्हणायचं. नुसत्या एमआरआयवर कुणाला ऑपरेशनला नेऊ नये. काहीही न दुखणाऱ्या ४५ माणसांचे एमआरआय काढले होते एका अभ्यासात, सरासरी वय अडतीसच्या आसपास, त्यातल्या ६९ टक्क्यांच्या लेब्रमला फाटलेलं निघालं. तेव्हा रिपोर्टातला 'टेअर' शब्द वाचून झोप उडवून घेऊ नका.

आणि आपल्याकडे जांघेत दुखतंय म्हटलं की एव्हीएन आधी बघायचं, म्हणजे चेंडूचा रक्तपुरवठा जाऊन हाड मरणं. स्टिरॉइड जास्त झालेले, दारू जास्त घेणारे यांच्यात दिसतं, कोविडनंतर तर बरेच आले. पळणाऱ्यांमध्ये मांडीच्या हाडाच्या मानेला बारीक चीर पण असू शकते. तुमच्या एमआरआयमध्ये हे दोन्ही नसेल तर निम्मी काळजी गेली. वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, वजन उतरणं, पायावर भारच देता न येणं, असं काही असेल तर धाग्यावर विचारत बसू नका, थेट दाखवा.

लीड्सची_मावशी (१० जून, रात्री ८.५०)

मी गेली बारा वर्षं इंग्लंडात. डाव्या खुब्याचं हेच झालं होतं, वय तेव्हा ४१. इथे आधी जीपी (म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर), मग फिजिओ, मग वाट बघा, मग परत वाट बघा. सर्जनपर्यंत पोचायला मला अकरा महिने लागले आणि पोचले तेव्हा दुखणं इतकं कमी झालं होतं की त्यांनीच विचारलं, तुम्ही आलात कशाला!

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला इथे खरोखर ट्रायल झालीय. फॅशन नाव तिचं, कपड्यांशी संबंध नाही. इथल्या एनएचएसची, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची, २३ हॉस्पिटलं, ३४८ पेशंट, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना दुर्बिणीचं ऑपरेशन आणि निम्म्यांना ठरवून आखलेली फिजिओ, २०१८ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. शंभर मार्कांची प्रश्नपत्रिका असते, जास्त मार्क म्हणजे खुबा चांगला. ऑपरेशनवाले वर्षभरात ३९ वरून ५९ वर गेले, फिजिओवाले ३६ वरून ५० वर. सगळा हिशोब करून फरक निघाला ६.८ मार्कांचा, ऑपरेशनच्या बाजूने. पेशंटला जाणवेल असा किमान फरक ते ६.१ धरतात, म्हणजे काठावर पास.

लोक इथेच थांबतात आणि म्हणतात बघा ऑपरेशन जिंकलं. मला त्यातलं दुसरंच महत्त्वाचं वाटलं. दोन्ही गट सुधारले, आणि दोन्ही गट शंभरातल्या साठाच्या आतच राहिले. ऑपरेशन केलं की पंचविशीतला खुबा परत मिळतो असं कुणी सांगत असेल तर ते यात नाही.

उगाचच (११ जून, सकाळी १०.२०)

ट्रायलमध्ये फिजिओ हरली तरी फिजिओच करा म्हणायचं, मजा आहे. आणि अँडी मरे बघा, ऑपरेशन करून परत टेनिस जिंकला की!

लीड्सची_मावशी (११ जून, दुपारी ४.३०)

उगाचच, मरेचं उदाहरण उलटं आहे हो. त्याचं जानेवारी २०१८ मध्ये मेलबर्नला खुब्याचं ऑपरेशन झालं, त्याने दुखणं गेलं नाही, वर्षभराने पत्रकार परिषदेत रडला बिचारा. मग जानेवारी २०१९ ला लंडनमध्ये रिसरफेसिंग करून धातूची टोपी बसवली आणि त्यानंतर ऑक्टोबरात अँटवर्पची स्पर्धा जिंकली. ती जिंकली धातूच्या खुब्यावर.

फिजिओताई (११ जून, रात्री ९.१०)

पंधरा वर्षं हेच काम करते. टेकडीवाला, एक प्रश्न. तुम्ही "फिजिओ" केलीय का आधी? केली असेल तर त्यात काय केलं ते लिहा, मग बोलते.

टेकडीवाला (११ जून, रात्री १०.००)

हो, घराजवळ बारा सेशन घेतली होती फेब्रुवारीत. गरम पट्टी, मग ते चार पॅड लावून झिणझिण्या येणारं मशीन, मग अल्ट्रासाउंड, शेवटची पाच मिनिटं पाय वर-खाली. ४०० रुपये सेशन. त्या तासापुरतं बरं वाटायचं.

फिजिओताई (११ जून, रात्री १०.२५)

वाटलंच होतं. आमच्याच लोकांवर बोलायला जिवावर येतं पण ही फिजिओ नाही, हे शेकणं आहे. झिणझिण्यांनी हाडाचा फुगवटा जात नाही आणि स्नायूही तयार होत नाही. आणि मग केसपेपरवर सर्जन लिहितात "फिजिओ फेल". अहो केलीच नाही तर फेल कशी होईल?

खरी फिजिओ म्हणजे काय ते सांगते. पहिलं, खुबा चिडवणं थांबवायचं. गुडघा खुब्याच्या वर जाईल अशी कुठलीही बैठक काही आठवडे नको, म्हणजे खोल सोफा, गाडीची खाली गेलेली सीट, उकिडवं बसणं, भारतीय संडास. खुर्चीवर उशी टाकून बूड गुडघ्याच्या वर आणायचं. एवढ्यानेच निम्मे लोक दोन आठवड्यांत सांगतात की चमक कमी झाली. दुसरं, बुडाचे आणि पोटाचे स्नायू. ब्रिजिंग, कुशीवर झोपून टाच भिंतीला घासत पाय वर, साइड प्लँक, मग स्टुलावर एका पायावर उभं राहून दुसरी टाच हळू खाली टेकवायची. हा शेवटचा आरशासमोर करा. पहिल्या दिवशी माझ्या दहातल्या आठ पेशंटांचा गुडघा आत कोसळतो आणि विरुद्ध बाजूची कंबर खाली जाते, त्यांना स्वतःला ते दिसेपर्यंत खरं वाटत नाही. तिसरं, वजन वाढवत नेणं. तीन महिने सगळ्यात हलक्या, पिवळ्या रबरबँडवर काढले तर काही होत नाही, सॅकमध्ये पाच किलो तांदूळ भरा, पुढच्या महिन्यात दहा.

किती दुखलं तर चालेल? दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळी कालच्याइतकंच परत पाहिजे. सकाळी वाढलेलं असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं.

आणि निदान बारा आठवडे, आठवड्यातून तीन-चार दिवस. त्या फॅशन ट्रायलमध्येसुद्धा सहा ते दहा भेटी होत्या बारा ते चोवीस आठवड्यांत, बाकी सगळं घरी स्वतः.

योगप्रेमी (१२ जून, सकाळी ६.१५)

इतकं कशाला. रोज मलासन (उकिडवं बसायचं आसन) आणि पद्मासन करा, सांधा मोकळा होतो. आपले पूर्वज जमिनीवर बसत होते, त्यांना कुठे होतं इम्पिंजमेंट.

फिजिओताई (१२ जून, सकाळी ९.४०)

योगप्रेमी, राग मानू नका, मी स्वतः सूर्यनमस्कार घालते. पण हे आखडलेल्या स्नायूचं दुखणं नाही, हाडावर हाड अडतंय. दार चौकटीला घासत असेल तर जोर लावून लोटल्याने चौकटच सोलते. मलासनात खुबा पूर्ण मिटतो, नेमकं तेच आपटतं. ताणून मोकळं करायला गेलेले किमान दोन जण दर महिन्याला माझ्याकडे येतात. दुखणं शांत झाल्यावर मांडी घालायला हळूहळू परत यायचंच आहे, मांडी घालताना पाय बाहेर वळतो म्हणून ती बऱ्याच जणांना उकिडव्यापेक्षा लवकर जमते.

पूर्वजांचं म्हणाल तर थोडं तथ्य आहे तुमच्या म्हणण्यात. आशियाई लोकांत कॅम कमी सापडतो असं दिसलंय. आणि हा फुगवटा बराचसा वाढीच्या वयात होतो, नेदरलँड्समध्ये फुटबॉल खेळणाऱ्या पोरांचे एक्स-रे वर्षानुवर्षं काढून बघितलं तेव्हा दिसलं की वाढीची चकती उघडी असेपर्यंतच तो तयार होतो. टेकडीवाला, शाळेत काय खेळायचात?

टेकडीवाला (१२ जून, सकाळी १०.०५)

फुटबॉल. आठवी ते बारावी, रोज दोन तास.

खडीसाखर (१२ जून, सकाळी १०.१२)

घ्या.

रोजची_लोकल (१३ जून, दुपारी १.००)

सगळे फिजिओच्या बाजूने लिहितायत म्हणून मुद्दाम लिहिते. डोंबिवली, वय २९ होतं तेव्हा. मी ताई म्हणतायत ती खरी फिजिओ सात महिने केली, मनापासून केली, वही ठेवली होती. ताकद आली, स्टुलावरचा गुडघा सरळ झाला, पण लोकलमध्ये चौथ्या सीटवर पाय आत वळवून बसलं की कळ तश्शीच, आणि मधेच खुबा अडकायचा, खट्ट आवाज होऊन सुटायचा. मग सर्जननी एक इंजेक्शन दिलं, सोनोग्राफीखाली थेट सांध्यात, नुसतं बधिर करणारं औषध. म्हणाले आता जा आणि ज्याने ज्याने दुखतं ते सगळं करून बघा. मी हॉस्पिटलचा जिना तीनदा चढले, पार्किंगमध्ये उकिडवी बसले. चार तास शून्य दुखणं!! वर्षात पहिल्यांदा. तेव्हा कळलं की दुखणं सांध्याच्या आतलंच आहे, पाठीतून वगैरे येत नाहीये. ऑपरेशन त्याच्यानंतर ठरवलं.

ऑपरेशनचं कुणी नीट सांगत नाही म्हणून सांगते. दोन-तीन छोटी भोकं असतात खरी, पण पाय मशीनला बांधून ओढतात, चेंडू वाटीतून सेंटिमीटरभर बाहेर येईल इतका, तेव्हा कुठे दुर्बीण आत जाते. मग फुगवटा घासून काढतात आणि लेब्रम बारीक अँकर टाकून शिवतात. जांघेत खांबासारखा गादीवाला आधार असतो ओढताना, त्याच्या दाबाने मला नको त्या जागी नऊ दिवस बधिरपणा होता. आधी माहीत असतं तर रडले नसते, कारण तो बहुतेक वेळा आपोआप जातो. मांडीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढी जागा अजूनही अर्धवट बधिर आहे, त्याची सवय झाली. नको तिथे हाड वाढू नये म्हणून गोळ्या देतात त्यांनी माझं पोट बिघडलं.

कुबड्या तीन आठवडे. आमची बिल्डिंग तिसरा मजला, लिफ्ट नाही. खाली उतरले ती थेट टाके काढायला. पाय स्वतःहून सरळ उचलायचा नाही असं सांगितलेलं, तर पलंगावर चढताना आई माझा पाय दोन्ही हातांनी उचलून ठेवायची, लहान बाळासारखा. सहाव्या आठवड्यात ऑफिस, चौथ्या महिन्यात हलकं पळणं, आणि ती खट्ट परत कधी झाली नाही. आज तीन वर्षं झाली. मी परत करेन, पण सात महिन्यांच्या फिजिओनंतरच करेन, कारण ऑपरेशननंतर पाच महिने परत तीच फिजिओ करायला लागते. ती कुणालाच चुकत नाही.

अण्णा_नाशिक (१३ जून, रात्री ९.३०)

माझी दुसरी बाजू. वय ५४ असताना हेच निदान, हेच ऑपरेशन, मोठ्या शहरातलं मोठं हॉस्पिटल, नाव घेत नाही. दुखणं गेलंच नाही, उलट वाढलं. दोन वर्षांनी दुसरीकडे दाखवलं तर त्या डॉक्टरांनी माझा ऑपरेशनच्या आधीचा एक्स-रे उजेडाकडे धरला आणि पट्टी लावली. म्हणाले अण्णा, सांध्यातली फट तेव्हाच दोन मिलिमीटरच्या आत होती, म्हणजे गादी आधीच झिजलेली, दुर्बिणीने काय होणार होतं? शेवटी खुबा बदलला, आता झकास आहे, द्राक्षबागेत फिरतो. पण मधली दोन वर्षं आणि पावणेतीन लाख गेले ते गेलेच. कुणीतरी ती पट्टी आधी लावायला हवी होती.

प्लास्टरवाला (१४ जून, दुपारी ३.००)

अण्णांचा अनुभव वाईट आहे पण पुस्तकी आहे. फट कमी झालेली, वय पन्नाशीच्या पुढे, संधिवात सुरू झालेला, अशांत दुर्बिणीचं ऑपरेशन फसण्याचं प्रमाण जास्त. दुसरी फसगत वाटी उथळ असणाऱ्यांची. तिथे काठ आधीच कमी, दुर्बिणीने सांध्याची पिशवी सैल पडली तर खुबा अजून अस्थिर. टेकडीवाला, तुमच्या एक्स-रेवर फट किती आणि वाटीचा कोन किती (म्हणजे वाटी चेंडूला किती झाकते) हे दोन आकडे सर्जनना विचारा. कोन २५ च्या खाली असेल तर वेगळी चर्चा.

आणि "नाहीतर खुबा बदलावा लागेल" याबद्दल. कॅम असलेल्यांत पुढे संधिवाताचा धोका जास्त हे खरं. पण कॅमवाल्या बहुतेकांना संधिवात होत नाही, आणि आता ऑपरेशन केल्याने तो टळतो असं एकाही ट्रायलने दाखवलेलं नाही. ऑस्ट्रेलियात ९९ जणांना ऑपरेशन आणि फिजिओ अशा दोन गटांत वाटून हेच बघितलं होतं, वर्षभराने कूर्चेच्या एमआरआयमध्ये दोन गटांत फरक नव्हता. वर्ष म्हणजे कूर्चेच्या मानाने फार थोडं, ते मान्य. तरी भीती घालून महिन्याभरात टेबलावर घ्यावं असं यात काही नाही. दुखतंय आणि जगणं अडतंय म्हणून ऑपरेशन करा, भविष्याच्या विम्यासारखं करू नका.

उगाचच (१४ जून, संध्याकाळी ६.४५)

विम्यावरून आठवलं. माझ्या मेडिक्लेममध्ये ऑपरेशन कॅशलेस आणि फिजिओ ओपीडी म्हणून स्वतःच्या खिशातून. म्हणजे तीन लाखांचं फुकट आणि वीस हजारांचं महाग. लोक काय निवडणार? (हे उगाच नाही, खरंच विचारतोय.)

आणि मावशी, तुमच्या ट्रायलमध्ये पेशंटला माहीत होतं ना आपलं ऑपरेशन झालंय ते? मग बरं वाटणारच की.

लीड्सची_मावशी (१४ जून, रात्री ११.००)

आता मुद्द्याचं बोललात. हो, माहीत होतं, लपवता येत नाही. ऑपरेशनचा मानसिक परिणाम किती आणि हाड घासल्याचा किती हे त्यातून वेगळं काढता येत नाही. इथलीच दुसरी ट्रायल आहे २०१९ ची, २२२ जण, आठ महिन्यांनी रोजच्या कामांच्या मार्कांत दहाचा फरक, तीही ऑपरेशनच्या बाजूने, त्यातही तोच प्रश्न. तिसरी अमेरिकन लष्करातल्या ८० जणांची, तिथे दोन वर्षांनी फरकच नाही. पण तिथे गंमत अशी की फिजिओच्या गटातल्या ७० टक्के लोकांनी मधेच जाऊन ऑपरेशन करून घेतलं! मग तुलना कुणाची कुणाशी?

आणि फॅशनमध्ये ऑपरेशनवाल्यांपैकी एकाच्या सांध्यात इन्फेक्शन झालं होतं हेही सांगायला पाहिजे. १७१ मध्ये एक, पण ज्याला झालं त्याला शंभर टक्के.

टेकडीवाला (२ जुलै, रात्री १०.३०)

अपडेट. एक्स-रे परत नीट काढला, फट चार मिलिमीटर, वाटीचा कोन ३१, दोन्ही ठीक. फिजिओ बदलली, नवीन बाई ७०० घेतात पण मशीनला हात लावत नाहीत, पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं फक्त मी कसा चालतो-बसतो ते बघितलं. स्टुलावरची परीक्षा सपशेल नापास, आरशात माझा गुडघा बघून मलाच लाज वाटली, सिंहगड चढणारा माणूस मी! ऑफिसच्या खुर्चीवर उशी आणली, लोक मूळव्याध झाली का विचारतात. काहींना हो म्हणून टाकलं, समजावणं सोपं पडतं.

खडीसाखर (२ जुलै, रात्री १०.३४)

😂😂

टेकडीवाला (१८ ऑगस्ट, सकाळी ८.२०)

सात आठवडे झाले. मधे एकदा सगळं सोडून द्यावंसं वाटलं. पाचव्या आठवड्यात मित्रांनी ओढून नेलं राजमाचीला, चढताना काही नाही पण उतरताना हाल झाले, चार दिवस लंगडत होतो. त्या रात्री पहिल्या सर्जनच्या रिसेप्शनला तारखेसाठी फोन लावला होता, लागला नाही. फिजिओबाई ओरडल्या नाहीत, उतरताना पावलं छोटी आणि भराभर टाकायला शिकवलं, आणि म्हणाल्या अजून तुम्ही उताराच्या इयत्तेत नाही. सध्या सॅकमध्ये आठ किलो तांदूळ. बायको म्हणते डबा रिकामा झाला की आधी तुझी सॅक उघडते.

रोजची_लोकल (१८ ऑगस्ट, सकाळी ९.००)

एकदा चिडला म्हणजे फेल नाही. माझी वही अशा दिवसांनी भरलीय. पण बाराव्या-चौदाव्या आठवड्यानंतरही मोजे घालताना तसंच असेल तर इंजेक्शनचं विचारून घे, नुसतं सहन करत बसू नकोस. आणि स्टिरॉइडवालं घेतलंस तर लक्षात ठेव, त्याच्यानंतर लगेच ऑपरेशन करत नाहीत, इन्फेक्शनच्या भीतीने तीनेक महिने थांबवतात.

अण्णा_नाशिक (१८ ऑगस्ट, दुपारी १२.१०)

बरोबर आहे पोरीचं. थांबणं वेगळं आणि ढकलणं वेगळं.

टेकडीवाला (२५ नोव्हेंबर, रात्री ९.५०)

बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं म्हणून लिहितोय. जवळपास पाच महिने झाले. साधारण सत्तर-पंचाहत्तर टक्के बरा आहे असं म्हणेन. टेकडीवर पाच किलोमीटर पळतो एक दिवसाआड. मोज्यांची चमक गेली. उकिडवं अजून जमत नाही आणि बहुतेक जमणारही नाही, लग्नात पंगतीला बसलो तर मांडी घालून वीस मिनिटं, मग पाय पसरावे लागले, शेजारच्या आजी म्हणाल्या तुझ्यापेक्षा मी बरी. लांबच्या ड्रायव्हिंगला दर तासाला उतरतो.

दुसऱ्या डॉक्टरांकडे परवा जाऊन आलो. त्यांना विचारलं ऑपरेशन केलं तर उरलेले पंचवीस टक्के मिळतील का. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, मिळतीलही, पण आत्ता तुमच्याकडे गमवायला पंचाहत्तर आहेत. सध्या नको म्हणालो. खुबा अडकायला लागला किंवा परत लंगडायला लागलो तर जाईन, तेव्हा रोजची_लोकल तुमची पोस्ट परत वाचेन. वर्षाने एक एक्स-रे सांगितलाय.

पहिल्या सर्जनचा राग नाही. त्यांनी फेब्रुवारीतली बारा सेशन बघून ठरवलं होतं, आणि ती सेशन म्हणजे शेकणं होतं हे मलाच माहीत नव्हतं तर त्यांना कुठून कळणार. पण विचारायला मात्र हवं होतं, दोन मिनिटांचं काम होतं.

फाइल आत्ताच कपाटाच्या वर ठेवली. स्टुलावर चढलो, उजवा पाय आधी.

खडीसाखर (२५ नोव्हेंबर, रात्री ९.५८)

उतरताना कुठला?

टेकडीवाला (२५ नोव्हेंबर, रात्री १०.०१)

बायकोचा खांदा.